टिटवीचं पोतं

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज दोन बाण मोडले. टिटवी तोंड पाडून आली आणि दप्तर न काढताच पलंगावर पालथी पडली.

नातीचं खरं नाव चांगलं झोकदार आहे, शाळेच्या पटावर आहे. पण जन्मली तेव्हा असा टाहो फोडला की दवाखान्यातली नर्स म्हणाली, "टिटवी आली की काय." तेच चिकटलं. आता चौदावं लागलं, ताडमाड झाली, तरी टिटवीच.

झालंय असं— मैदानावर बाण मारायला जे जाड फोमचे फळे आहेत, त्यांची मधली जागा मारून मारून पार गेलीय. कडेनं फळा धडधाकट आणि मधोमध भोक. बाण आरपार जातो आणि मागच्या भिंतीवर आपटतो. म्हणजे जी पोरगी नेम धरून मधोमध मारते तिचाच बाण मोडतो. जिचा नेम चुकतो तिचे सगळे शाबूत. हा कुठला न्याय?

नवे फळे यायला अवकाश आहे. एकच धड उरलाय, तो मोठ्या मुलींना. आणि निवड तर सोळा मार्चला. निवडलेल्या मुली दूर दुसऱ्या शहरात राहणार, वसतिगृहात. शाळा तिथेच, शिकवणारे मोठे मोठे. टिटवीला गेलं वर्षभर दुसरं काही सुचत नाही. झोपेतही डावा हात ताठ पुढे. मी शेजारी झोपते, गुद्दे मला बसतात.

जेवताना म्हणाली, "आजी, सरावच नाही तर निवड काय डोंबल होणार?"

"डोंबल म्हणू नये."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. भोक पडलंय ना? बुजवू."

मुलगा हसला. "आई, ते काय पोतं आहे का?"

का नसावं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मी दुसरीपर्यंत शिकले. अक्षर कोंबडीच्या पायाचं, जोडाक्षर आलं की अजून अडते. पण पोतं शिवायला बसवा मला. धान्याच्या वखारीत मी उमर घातली. हमालाच्या आकड्यानं फाटलेलं, उंदरानं कुरतडलेलं, भिजून कुजलेलं— जे येईल ते पोतं मांडीवर घ्यायचं आणि दाभणानं शिवायचं. आमचे हे म्हणायचे, "तू मला पण शिवून ठेवशील." बिचारे, त्यांना समोर ठेवलेला चष्मा दिसायचा नाही. गेले तेव्हाही चष्मा कपाळावरच होता. असो.

गुडघे गेले तशी वखार सुटली. दाभण मात्र मी डब्यात जपून ठेवलंय. सूनबाई आठवड्यातून एकदा विचारते, "आई, हे भंगारात देऊ का?" मी म्हणते, "आधी मला दे."

आज वखारीत जाऊन दोन जुनी पोती मागून आणली. नवा रखवालदार मला ओळखत नाही. म्हणाला, "आजी, पोती घेऊन करणार काय?" म्हटलं, "बाण मारणार." त्यानं पोती दिली आणि चार पावलं मागे सरला.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पोत्यात आधी जुन्या उशांचा कापूस भरला. बाण लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मग सुताराकडचा भुसा आणला आणि ठासून ठासून भरला. पायानं दाबला. आता बघते कसा जातो ते. बाण गेला, रुतला, आणि निघेना. टिटवीनं ओढला, मी टिटवीला ओढलं, आणि बाण एकदम सुटला तशा दोघी धाडकन खाली. मी खाली, ती माझ्यावर. सूनबाई खिडकीतून ओरडली, "आई, लागलं का?" मला हसू आवरेना. उठवेना ते वेगळं.

कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून कातरण आणलं. मोठं गाठोडं भरून दिलं त्यानं, वर म्हणतो, "मावशी, तेवढीच माझी केर काढायची मेहनत वाचली." कातरण बरोबर बसलं. घट्ट पण खेळतं. बाण धप्प करून थांबतो आणि दोन बोटांनी निघतो.

तेवढ्यात कट्ट आवाज. बाणाचं टोक वाकलं. आत एक पँटचं बटण होतं, लोखंडी. हात दाखवून अवलक्षण. टिटवीनं वाकलेलं टोक बोटानं सरळ करून पाहिलं, दोनदा. 

सगळं पोतं उसवलं. उद्या एक-एक चिंधी चाचपून भरणार.

रविवार, ९ फेब्रुवारी

टिटवीचे मैदानावरचे सर घरी आले. मी त्यांना शिट्टीसर म्हणते, मनातल्या मनात. दुकानात दूध घ्यायला आले तरी गळ्यात शिट्टी.

आमच्या इमारतीमागे लांबलचक बोळ आहे, शेवटी शीतगृहाची उंच भिंत. तिथे मी पोतं टांगलंय. सरांनी आधी बोळ पाहिला, पोत्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"भिंतीला खिडकी?"

"एकही नाही."

"बोळाला फाटक?"

"आहे. किल्ली माझ्या कमरेला."

"मग आजी, ती बाण मारत असेल तेव्हा तुम्ही फाटकाशी बसायचं. मांजर आत गेलं तरी सराव बंद. कबूल?"

कबूल तर काय. मला नोकरी लागली म्हणायची.

मग पोत्याला हात लावून पाहिला, वरून, खालून. माणूस जाणता आहे. म्हणाले, "दोन दिवसांत चिंध्या खाली बसतील, वर पोकळ होईल." हे माझ्या ध्यानातच नव्हतं. धान्य बसतं तसंच की. मग मी गादीला घालतात तसे आरपार टाके घालायचं ठरवलं, म्हणजे खण पडतील आणि चिंध्या जागच्या जागी राहतील. ते म्हणाले उत्तम, पण मधला भाग वेगळा करा, गोल उशीसारखा, काढता-घालता येईल असा. झिजतं तेवढंच बदलायचं, सगळं पोतं कशाला उसवायचं? आणि नेमाचा रंगीत कागद रोज जरा सरकवून लावायचा, कधी वर, कधी खाली, म्हणजे मार एकाच जागी बसत नाही. खाली विटा, वर प्लास्टिक, ओल लागता कामा नये.

मी म्हटलं, "सर, तुम्ही वखारीत असायला हवे होतात."

हसले. शिट्टी हलली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

उशी जमली! पोत्याला मधोमध गोल खोबण केली, कडेनं दुहेरी टाका, आत उशी घट्ट बसवली. वर तो रंगीत कागद, पांढरं, काळं, निळं, लाल आणि मध्ये पिवळं. मला फाटकापासून काही रंग दिसत नाही, पोतं म्हणजे एक तपकिरी ढग. पण कान शाबूत आहेत. धप्प. थोडा वेळ काही नाही. धप्प. मी खुर्चीत बसून ऐकते. कुणी बोळाकडे वळलं की हात करते, "थांबा, बाण चाललेत." पेपरवाला आता लांबूनच विचारतो, "मावशी, युद्ध संपलं का?"

संध्याकाळी उशी पाहिली तर तिची चाळण झालेली. सगळे बाण वाटीएवढ्या जागेत! मी लगेच मांडीवर घेतली.

"कार्टे, पुन्हा मधोमध फाडलंस," मी म्हटलं. "माझी हाडंच भर या उशीत म्हणजे एकदाचं संपेल."

असं म्हटलं खरं. पण मनातून काय वाटत होतं ते इथेच लिहिते. दाभण हातात आलं की अंगठा आपोआप बरोबर जागी जातो. किती वर्षं झाली, विसरला नाही. सुतळीला मेण लावलं, टाका ओढला, तो सूंऽऽ आवाज. मला वखारीतलं दुपारचं ऊन आठवलं, पोत्यांच्या थप्प्या, धुळीत उडणारा कोंडा. मला वाटलं, मी अजून आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आजही फाडली. आजही शिवली. "वैरीण आहेस माझी," म्हटलं. सुखाची झोप लागली दुपारी.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

दाभण गाठीवरून सटकलं आणि अंगठ्याच्या मुळात घुसलं. माझीच घाई. संध्याकाळपर्यंत अंगठा टोमॅटोसारखा. सूनबाईनं धरून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन, ही एवढी पट्टी. घरी आल्यावर दाभणाचा डबा कपाटात वर ठेवला आणि कुलूप. "आई, पट्टी सुटेपर्यंत याला हात लावायचा नाही."

"अगं पण उशी—"

"उशी गेली खड्ड्यात."

टिटवी दारात उभी. पट्टीकडे बघत.

"दुखतंय, आजी?"

"दुखतंय तर. तुझ्या बाणांनी जीव नकोसा केलाय मला," मी म्हटलं आणि डाव्या हातानं तिच्या डोक्यावर टपली मारली. एरवी टपली मारली की ती मला चिमटा काढते. आज नुसतीच आत गेली. दमली असेल.

मुलाला उसवलेली उशी शिवता येत नाही. दाभण असं धरतो जसा चमचा. शेवटी आधी शिवून ठेवलेली एक उशी होती ती बसवली. ही फाटली की संपलं, सराव बंद.

शनिवार, २२ फेब्रुवारी

उशी टिकलीय.

टिटवीनं स्वतः सांगितलं. "आजी, काही फाटलं नाही. तू उठू नकोस, मी प्लास्टिक घालून आले." चार दिवस सलग मारतेय आणि फाटलं नाही! मी फाटकाशी बसून मोजून-मापून धप्प ऐकते, म्हणजे मारत नाही असं नाही.

दुहेरी टाका आणि मेण. दुसरं काय.

बुधवार, २६ फेब्रुवारी

अजून टिकलीय. सूनबाईलाही नवल वाटलं. मी म्हटलं, "बघ, भंगारात द्यायला निघाली होतीस." ती म्हणाली, "दाभण, आई. तुम्हाला नाही." बोलायला हुशार आहे, माझ्यावर गेलीय. सून असून.

अंगठ्याची सूज उतरतेय.

रविवार, २ मार्च

शिंप्याच्या दुकानात बसून आले. सांगितलं त्याला, तुझं कातरण आणि माझा टाका, उशी आहे तशी आहे. बाण खाऊन खाऊन तिला काही होत नाही. शिंपी म्हणाला, "मावशी, माझ्या गिऱ्हाइकांच्या पँटा तुम्हीच शिवा मग, सहा महिन्यांत बूड फाटतं म्हणून भांडायला येतात." दुकानात दोन बायका होत्या, त्यांनाही सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.

घरी येईपर्यंत माझी छाती फुगलेली होती. कोण म्हणतं म्हातारपण वाईट?

गुरुवार, ६ मार्च

शिट्टीसर रस्त्यात भेटले. मी उशीचं सांगायला तोंड उघडलं, तर तेच आधी बोलले.

"आजी, टिटवी घरी काय वेगळं करते?"

"वेगळं काही नाही. रोज मारते."

"मोठ्या मुलींच्या फळ्यावर अधूनमधून मारू देतो मी तिला, हात पक्का आहे तिचा. सगळे बाण एका जागी जातात. पण ती जागा मधली नाही. पिवळ्यावर आणलं की हात बिचकतो. बाजूला सरकते आणि मग सोडते. महिन्यापूर्वी असं नव्हतं."

"मग?"

"मग काय. सोळा तारखेला पिवळं मोजतात, आजी. कडेचं नाही." निघता निघता म्हणाले, "रागावू नका तिला. रागावून हे जात नाही. मी दोन चांगल्या मुली अशाच घालवल्यात."

मी त्यांना ठणकावलं, "माझं पोतं साक्षीला आहे, सर. रोज मार खातंय."

म्हटलं खरं. 

शुक्रवार, ७ मार्च

टिटवीला विचारलं, सर काय म्हणतात गं? "काही नाही." काही नाही म्हणताना ती कान खाजवते. लहानपणापासून.

रविवार, ९ मार्च

पट्टी सुटली. टिटवी मैदानावर गेली होती. मी किल्ली घेतली आणि चालत चालत बोळाच्या टोकाला गेले, भिंतीपर्यंत. किती दिवसांनी गेले पोत्याजवळ! प्लास्टिक काढलं.

कागदाच्या कडा झिजून गेल्या होत्या. काळं, निळं, सगळ्याची चाळण. डाव्या बाजूला एक भोक, एक उजवीकडे, एक वर, अगदी नेटकी, वाटीएवढी. नेम चुकून असं होत नाही. आणि मधलं पिवळं कोरं. करकरीत कोरं. एक टोचा नाही.

कागद काढून उशी पाहिली. मी शिवली तशीच होती. मेणसुद्धा सुतळीवर तसंच.

मी तिथेच विटांवर बसले. आधी मला राग आला. मग आठवलं, शिंप्याच्या दुकानात दोन बायकांना काय काय सांगून आले ते, आणि हसू आलं. मग हसूही गेलं.

ती आली तेव्हा उशी माझ्या मांडीवर होती. तिनं बघितलं आणि बाणांची पिशवी खाली ठेवली.

"काय गं हे?"

"काय?"

"मधोमध का मारत नाहीस?"

कान खाजवला. मग म्हणाली, "तुझा अंगठा सुजला होता."

"तो दाभणानं. बाणानं नाही."

"दाभण कशामुळे? मी फाडते म्हणून. तू रोज म्हणायचीस— हाडं मोडली, वैरीण, जीव नकोसा केला. म्हणून मी कडेला मारायला लागले. कडेलापण नेमच लागतो ना? मला वाटलं मैदानावर गेले की पुन्हा मध्ये मारीन. आता मारताच येत नाही. पिवळं दिसलं की वाटतं, आजीची उशी."

आणि रडायला लागली. टिटवी रडली की अजून टिटवीच.

 आमच्या वखारीत एकमेकींना मुडदा बशिवला म्हटल्याशिवाय कुणी पाणी देत नव्हतं. शेजारच्या बाईनं एक दिवस शिवी दिली नाही तर वाटायचं, हिचं काही बिनसलंय आपल्याशी. मला वाटलं, पोरीला कळतंच. कसं कळणार? ती वखारीत कुठे होती.

"अगं, ते लाडानं म्हणत होते."

"लाडानं वैरीण?"

"मग दुसरं कसं म्हणतात?"

ती रडता रडता माझ्याकडे असं बघायला लागली, की ही म्हातारी ठार वेडी आहे.

सोमवार, १० मार्च

सांगून झालं, समजूनही झालं. तिला सगळं पटलंय. पण हाताला कोण पटवणार? आज मी खुर्ची सोडून तिच्या मागेच उभी राहिले, फाटकाला कुलूप घालून. तिनं धनुष्याची दोरी ओढली, गालाला लागली, आणि मग मलाही दिसलं. हात डावीकडे सरकतो, बाण सुटतो. धप्प. काळ्यात.

"बघ," म्हणाली.

दिवस थोडे राहिले. सरांना सगळं सांगितलं. ते उगाच उपदेश करत बसले नाहीत. म्हणाले, कागदच लावू नका चार दिवस. नुसतं पोतं. जवळून मारू दे.

मंगळवार, ११ मार्च

कागद नाही, तरी ती उशी चुकवते. उशी दिसतेच ना. माझा टाका गोल, पांढऱ्या सुतळीचा, डोळ्यात भरणारा. मीच तसा घातलाय, शोभेसाठी. हौस.

म्हणून आज मी कात्री घेऊन गेले. तिच्यासमोर उशीत मधोमध खुपसली आणि कराकरा कापली. चिंध्या बाहेर आल्या. टिटवी किंचाळली, "आजी, काय करतेस?"

"वाचवत होतीस ना? घे. आता वाचवायला काही उरलं नाही. मार."

"उद्या तू शिवत बसशील."

"बसेन. ऐक आता नीट. तू फाडलं नव्हतंस तेव्हा मी काय केलं माहितीय? सकाळी उठले, खिडकीत बसले, जेवले, खिडकीत बसले. तू कुठलं माझं काम वाचवलंस? तू माझं काम काढून घेतलंस."

 तिनं धनुष्य उचललं. पहिला बाण कडेला. दुसराही. तिसरा त्या फाटक्या चिंध्यांत गेला, आणि तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, मी रागावते का म्हणून.

"मेले," मी म्हटलं, "आता कुठे मारलास."

पहिल्यांदा हसली.

बुधवार, १२ मार्च

उशी फाडली. शिवली. सूनबाईनं डबा खाली काढून दिला, स्वतःहून. वर एक चामड्याचं बोटमोजं ठेवलं अंगठ्यासाठी, मोच्याकडून शिवून आणलेलं.  मी ते लगेच अंगठ्यात घातलं. आमचं असंच.

शनिवार, १५ मार्च

काही मधोमध, काही कडेला. सर म्हणाले, एवढं पुष्कळ. आज सराव नाही, हात विसावू दे. ती घरभर फिरतेय. मी उशीवर टाके घालतेय, गरज नसलेले.

रविवार, १६ मार्च

मैदानावर दोरी बांधली होती, आम्ही दोरीबाहेर. मला काही दिसत नव्हतं, रंग नाही, बाण नाही. मुलाचं मनगट धरून ठेवलं होतं, तो सांगत होता. पहिली फेरी वाईट. "लाल... निळा... आई, निळाच." मी मनात तिला सगळ्या शिव्या दिल्या, होत्या नव्हत्या तेवढ्या.

दुसऱ्या फेरीआधी ती दोरीशी पाणी प्यायला आली. मला वाटलं धीर द्यावा, काहीतरी शहाण्यासारखं बोलावं. सुचेना. शेवटी म्हटलं, "वैरिणी, त्यांच्या फळ्यात अजून भोक कसं नाही?"

पाणी तिच्या नाकात गेलं.

मग मुलगा हळूहळू बोलायला लागला. "पिवळा. लाल. पिवळा. पिवळा, आई." मनगट त्यानंच सोडवून घेतलं, माझी नखं रुतली होती.

चार मुली घेतल्या. टिटवी चौथी.

शनिवार, २२ मार्च

एक तारखेपासून तिकडे शाळा. सूनबाई कपड्यांना नावाच्या पट्ट्या लावतेय. मी सगळ्या इमारतीला सांगितलं. मग शिंप्याला. मग त्या दोन बायका शोधून त्यांनाही, कारण आधी सांगितलेलं दुरुस्त करायला हवं होतं.

रविवार, ३० मार्च

उद्या पहाटेची गाडी. बॅग दोनदा भरली, दोनदा उपसली.

दुपारी पोतं शेवटचं ठीकठाक केलं. पुढचं मागे, मागचं पुढे केलं, नवीन उशी बसवली, खालच्या विटा सरळ केल्या. आता वर्षभर त्याला कुणी हात लावणार नाही. इतकं मजबूत मी आजवर काही शिवलं नसेल. आता ते टिकेल. टिकून टिकून करणार काय, ते मला माहीत नाही. दाभण पुसून डब्यात ठेवलं. सुनेला म्हटलं, आता देऊन टाक भंगारात. ती ऐकलं न ऐकल्यासारखं करून गेली.

संध्याकाळी टिटवी म्हणाली, "आजी, तू दमलीस, पड जरा. फाटकाशी बाबा बसतील." शेवटचे बाण मारायचे म्हणे. मी पडून ऐकत होते. बराच वेळ धप्प, धप्प. थांबेचना. मधेच डोळा लागला माझा.

सोमवार, ३१ मार्च

गेली. गाडीच्या खिडकीतून हात हलवला, मग तोंड आत घेतलं.

प्लास्टिक नीट घातलंय का बघायला बोळात गेले. पोत्याच्या मधोमध भगदाड. उशी गेली, उशीमागचं गोणपाट गेलं, पलीकडची भिंत दिसत होती. माझा हात कोपरापर्यंत आत गेला. एवढं तिनं आजवर कधीच फाडलं नव्हतं, आणि कडेला एक टोचा नाही. मुलगा मागून आला आणि म्हणाला, "काल मला म्हणाली, बाबा, आजीला आत्ता सांगू नका. मी गेल्यावर तिला काम पुरायला हवं."

कार्टी. मेली. वैरीण.

सूनबाईला म्हटलं, डबा काढ, आणि दाभणात सुतळी ओवून दे, मला दिसत नाहीये.